इंद्रिय, संवेदन आणि शब्द : रवींद्रनाथांच्या रंगदृष्टीच्या निमित्ताने

मानसशास्त्राचे एखादे प्राथमिक बंगाली पुस्तक मराठी वाचकाने हाती घेतले, तर पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच त्याची फसगत होते. ‘संवेदन’ हा शब्द त्याला घरचा वाटतो, पण वाक्याचा अर्थ काही जुळत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘वेदन’ आणि ‘संवेदन’ अशी जोडी बरीच रूढ आहे. उद्दीपकाने इंद्रियाला चेतविल्यावर होणारी निव्वळ नोंद म्हणजे वेदन, आणि त्या नोंदीचा मनाने लावलेला अर्थ म्हणजे संवेदन. बंगालीत याच दोन पायऱ्यांना अनुक्रमे ‘संवेदन’ आणि ‘प्रत्यक्षण’ म्हणतात. एका भाषेत जे दुसऱ्या पायरीचे नाव, तेच दुसऱ्या भाषेत पहिल्या पायरीचे. घोळ येथेच संपत नाही. मराठीतच काही लेखक ‘संवेदन’ आणि ‘अवबोध’ अशी जोडी वापरतात; आणि बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये ‘संवेदना’ हा शब्द कलेच्या इंद्रियगम्य द्रव्यासाठी योजला, म्हणजे ते पाठ्यपुस्तकी मराठीपेक्षा बंगालीच्याच जवळ गेले.

हा केवळ परिभाषेचा वाद असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण आपल्या समीक्षेत ‘संवेदनशील कवी’, ‘तरल संवेदना’, ‘इंद्रियनिष्ठ प्रतिमा’ असे शब्दप्रयोग इतक्या सैलपणे होतात की, आपण कवीच्या डोळ्याविषयी बोलत आहोत, त्याच्या मनाविषयी की त्याच्या भाषेविषयी, हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काय होते, याचे एक ठळक उदाहरण कलकत्त्यातच आहे, आणि ते आहे साक्षात रवींद्रनाथ ठाकुरांचे. प्रस्तुत लेखात ‘वेदन’ व ‘संवेदन’ हे शब्द मराठी पाठ्यपुस्तकांच्या अर्थानेच वापरले आहेत.

या शहरात हा विषय उपरा नाही. कलकत्ता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम ब्रजेंद्रनाथ शील यांनी १९०५ मध्ये आखला. १९१६ मध्ये भारतातील पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग येथे सुरू झाला आणि हार्वर्डहून परतलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे त्याची धुरा आली. राजाबाजारच्या सायन्स कॉलेजात या विभागाची प्रयोगशाळा, त्याला लागून जगदीशचंद्र बसूंची विज्ञानसंस्था, आणि चार पावलांवर पारशीबागान गल्लीतले ते घर, जेथे गिरींद्रशेखर बसूंनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण समितीची स्थापना केली. इंद्रियांच्या नोंदी मोजणारे, वनस्पतींचा प्रतिसाद मोजणारे आणि मनाच्या तळाशी उतरणारे असे तिघे हाकेच्या अंतरावर काम करीत होते. रवींद्रनाथांचा यांतील काहींशी निकटचा परिचय होता. जगदीशचंद्रांशी तर मैत्रीच.

लाल रंग आपल्याला नीट दिसत नाही, निळा मात्र फार उत्कटतेने जाणवतो, असे रवींद्रनाथांनी स्वतः सांगितल्याच्या आठवणी त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवल्या आहेत. या आठवणींकडे दीर्घ काळ एक गमतीदार तपशील म्हणूनच पाहिले गेले. १९८७ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ इस्थेटिक्स’मध्ये त्यांच्या चित्रांतील रंगदृष्टीच्या प्रश्नावर एक लेख प्रसिद्ध झाला, आणि १९९७ मध्ये केतकी कुशारी डायसन व सुशोभन अधिकारी यांनी, एड्रियन हिल आणि रॉबर्ट डायसन यांच्या सहकार्याने, ‘रঙेर रवींद्रनाथ’ म्हणजेच ‘रंगांचे रवींद्रनाथ’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. कविता, गद्य, पत्रे, आठवणी आणि चित्रे यांची बारीक छाननी करून या अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की, कवीच्या दृष्टीत लाल-हिरव्याचा भेद क्षीण होता, आणि तो विशेषतः लाल रंग काळवंडून दिसणाऱ्या प्रकारातला होता. पुराव्याचे हे स्वरूप पाहता हे निदान नसून अनुमान आहे, आणि नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर लिंगे पुष्कळ असलेले सबळ अनुमान आहे.

आता हे ‘लाल काळवंडणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृक्पटलावर, दोन जातींच्या ग्राहक पेशी असतात. दंडाकृती पेशी दहा कोटींच्या घरात. त्या अंधूक उजेडात काम करतात, पण त्यांना रंगाची ओळख नाही. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख, आणि रंगाचा सारा संसार त्यांच्यावर. या शंकूंचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार सुमारे ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५३०च्या आसपास, तिसरा ५६०च्या आसपास. यांतला कोणताही शंकू एकटा रंग ‘पाहत’ नाही. तो फक्त किती प्रकाश शोषला एवढेच कळवितो. रंग निपजतो तो तिघांच्या वृत्तांतांची तुलना होते तेव्हा. तीन ग्राहकांची कल्पना थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडली, हेल्महोल्त्झ यांनी ती पुढे नेली. आणि लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा अशा विरोधी जोड्यांनी ही तुलना चालते, हे हेरिंग यांचे म्हणणे. शंभर वर्षे या दोन मतांचे अनुयायी भांडले, आणि अखेर दोन्ही खरी ठरली : पहिले शंकूंच्या पातळीवर, दुसरे त्यापुढील मज्जापेशींच्या पातळीवर.

ज्याच्याकडे दीर्घ तरंगलांबीचा शंकू नाही किंवा दुबळा आहे, त्याच्या दृष्टीने वर्णपटाचे लाल टोक अंधारात बुडते. हिरव्या पानांतले लाल फूल आपल्याला जसे झगझगून पुढे येते तसे त्याला येत नाही. ते पानांत मिसळते. जांभळ्यातला लाल अंश हरपल्याने जांभळा निळ्याकडे झुकतो. निळा आणि पिवळा मात्र शाबूत राहतात. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो, त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचे दोष सुमारे ८ टक्के, स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का. ‘वर्णांध’ हा आपला शब्द त्यामुळे फारच कठोर ठरतो. रंगांच्या जगातून हद्दपारी असे हे नसते. एक दिशा कमी असलेला नकाशा असे त्याला म्हणता येईल.

तुलनात्मक साहित्याच्या येथील वर्गात हा विषय निघाला की बंगाली विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर प्रथम थोडी नाराजी उमटते, हे मी पाहिले आहे. गुरुदेवांत उणेपणा काढला जातो आहे, अशी ती भावना. आणि लगेच प्रश्न येतो : मग ‘रक्तकरबी’चे काय?

प्रश्न रास्त आहे. १९२६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या नाटकाचे नावच लाल कण्हेरीवरून आहे. आरंभी त्याला ‘यक्षपुरी’, मग ‘नंदिनी’ अशी नावे होती. लाल फूल शेवटी शीर्षस्थानी आले. ज्याला लाल अंधूक दिसतो त्याने लालच का निवडावा? याचे उत्तर डोळ्यात शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. नाटकातला लाल हा दृक्पटलावरचा रंग नाहीच. रक्त, अनुराग, विद्रोह, सौभाग्य अशा अर्थांची जी परंपरा ‘रक्त’ या शब्दाने संस्कृतापासून वाहून आणली, तिच्यातून तो आला आहे. रंगांध व्यक्ती रंगांची नावे आपल्यासारखीच वापरायला शिकते, हेच तर या दोषाचे सर्वांत चमत्कारिक वैशिष्ट्य. रसायनज्ञ जॉन डाल्टन यांना आपल्या दृष्टीतले वेगळेपण विशीच्या मध्यात, एक जिरॅनियमचे फूल मेणबत्तीच्या उजेडात वेगळे दिसले तेव्हा, लक्षात आले. १७९४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा अशी त्यांची समजूत होती. मृत्यूनंतर डोळा तपासला तर द्रव स्वच्छ. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यातील जनुकांची तपासणी १९९५ मध्ये झाली आणि मधल्या तरंगलांबीचा शंकू नव्हता असे सिद्ध झाले. एवढा साक्षेपी निरीक्षक विशी उलटेपर्यंत भ्रमात राहिला, कारण भाषेने दोष झाकून टाकला होता. वेदन एकाचे, शब्द सगळ्यांचे.

उलटपक्षी, शब्द झाकतो तसा क्वचित उघडही करतो. शांतिनिकेतनातल्या एका परदेशी वेलीला रवींद्रनाथांनी ‘नीलमणिलता’ असे नाव दिले आणि तिच्यावर कविता लिहिली; ती ‘बनबाणी’त आहे. ज्याला आपण निळसर-जांभळे म्हणू, त्याला नीलमणी म्हणणे हे परंपरेने सुचविलेले नव्हे. येथे डोळ्याचा हात शब्दावर पडलेला दिसतो, असे मानायला जागा आहे. समीक्षकाचे काम या दोन प्रकारच्या जागा निवडून वेगळ्या करण्याचे आहे. सरसकट विधान दोन्ही बाजूंनी चुकेल.

आणि ही निवड भाषांतरकाराला तर टाळताच येत नाही. बंगालीत हिरव्यासाठी दोन शब्द आहेत. ‘सबुज’ फारसीतून आलेला. प्रमथ चौधुरींनी १९१४ मध्ये ‘सबुजपत्र’ मासिक काढले तेव्हापासून तारुण्याचे, नव्या उमेदीचे ते जणू बोधचिन्हच झाले. दुसरा ‘श्यामल’, वर्षाऋतूत ओथंबलेल्या शेताचा, झाडीचा. मराठीत ‘श्यामल’ म्हटले की हिरवे डोळ्यांपुढे येतच नाही. येतो तो सावळा वर्ण, आणि त्याच्यामागून विटेवरचा विठ्ठल. बंगाली श्यामल माती आणि मराठी सावळी माती या दोन निराळ्या मोसमांतल्या माती आहेत. म्हणून रवींद्रनाथांच्या ‘श्यामल’पुढे थबकलेल्या मराठी भाषांतरकाराने कवीच्या हिरव्या-तपकिरीतील गोंधळाकडे बोट दाखविणे हे चुकीच्या दारावर थाप मारण्यासारखे आहे. अडचण दृक्पटलातली नसून दोन भाषांच्या रंगविभागणीतली आहे.

वेदन आणि शब्द यांच्या मध्ये संवेदन आहे, आणि आपल्या दर्शनांनी सर्वांत अधिक कलह केला तो याच मधल्या मजल्यावर. दिङ्नागाच्या मते कल्पनेचा, म्हणजे नाम-जातीच्या योजनेचा, स्पर्श न झालेले तेवढेच प्रत्यक्ष. नैयायिकांनी निर्विकल्पक व सविकल्पक अशा दोन अवस्था मानून दोन्हींना प्रत्यक्षाचा दर्जा दिला. भर्तृहरीचे म्हणणे तर शब्दाने विणलेले नाही असे ज्ञानच नाही. नवद्वीपच्या पाठशाळांत शतकानुशतके या भेदांना धार लावली गेली. हेल्महोल्त्झ यांनी एकोणिसाव्या शतकात संवेदन हे एक नकळत केलेले अनुमान होय असे म्हटले, तेव्हा ते नव्याने बोलत आहेत असे युरोपला वाटले. नवद्वीपच्या एखाद्या पंडिताने मात्र प्रत्यक्ष आणि अनुमान यांची सरमिसळ केल्याबद्दल त्यांना बाकावर उभे केले असते.

या मधल्या मजल्याचे उत्तम उदाहरण रवींद्रनाथांच्या चित्रकलेचा उगम हे आहे. १९२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासातील ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांतून चोची, पंजे, दात असलेले प्राणी निर्माण झालेले दिसतात. शाईचे डाग हे वेदन. त्यांतील काही भाग आकृती म्हणून उचलणे आणि उरलेला पार्श्वभूमी म्हणून मागे ढकलणे हे संवेदन; एडगर रूबिन यांनी १९१५ मध्ये याच आकृती-पार्श्वभूमीच्या व्यापाराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ढगात हत्ती दिसतो, भिंतीवरच्या ओलीत चेहरा दिसतो, तो याच व्यापाराने. दृश्यात जे तुटके असेल ते मन पुरे करते आणि जे संदिग्ध असेल त्याचा एक निकाल लावते. या क्रियेला रंगाची गरज नाही. १९३०च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, आणि त्या चित्रांचे बळ मुख्यतः रेषेच्या लयीत व काळ्या वस्तुमानात आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. रंगदृष्टीच्या दोषामुळे ती चित्रे ‘तशी’ झाली, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. माझ्या मते दोषाने फार तर रंगपेटीतील निवड थोडी वळविली असेल. चित्रकार घडविला तो खोडण्याच्या सवयीने आणि आकृती हेरणाऱ्या नजरेने. डोळा उणा असूनही संवेदन संपन्न असू शकते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी आपल्या पूर्ण डोळ्यांनी एखादे पान खोडून पाहावे.

त्याच वर्षी आइन्स्टाइन यांच्याशी झालेले रवींद्रनाथांचे संवाद प्रसिद्ध आहेत. जुलैतल्या संवादात सत्य मानवनिरपेक्ष आहे काय, यावर दोघांचे मतभेद झाले. ऑगस्टमध्ये बर्लिनला पुन्हा भेट झाली तेव्हा संगीतावरून बोलणे कलेच्या आस्वादाकडे वळले, आणि आइन्स्टाइन यांनी उदाहरण दिले ते टेबलावरच्या लाल फुलाचे : ते तुम्हाला आणि मला एकसारखे दिसत असेलच असे नाही. दृष्टांत योगायोगाने असा नेमका बसला की आज वाचताना हसू येते. पण तात्त्विक शंका आणि शारीर भेद येथे वेगळे केले पाहिजेत. दोघांच्या शंकूंची रचना अगदी सारखी असली तरी माझा ‘लाल’ तुझ्या ‘लाल’सारखा आहे काय, ही शंका उरतेच आणि तिला कोणतेही उपकरण उत्तर देत नाही. रंगदोष मात्र मोजता येतो : लॉर्ड रॅले यांनी १८८१ मध्ये दाखविले की, लाल व हिरवा प्रकाश कोणत्या प्रमाणात मिसळल्यावर तो शुद्ध पिवळ्याशी जुळतो, हे विचारले की माणसामाणसांतला फरक उघड होतो. पहिला प्रश्न अनुभव कसा वाटतो याचा, दुसरा कोणते भेद करता येतात याचा. रवींद्रनाथांचे फूल या दुसऱ्या प्रकारात येते. व्यक्तीची रुची आणि सर्वांचा मापदंड यांचा मेळ घालण्याची क्रिया सतत चालूच असते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ती क्रिया आयुष्यभर भाषेत करीत आलेल्या माणसाचेच ते उत्तर होते.

आतापर्यंत आपण जागा असलेला, भानावर असलेला द्रष्टा गृहीत धरला. सप्टेंबर १९३७ मध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथांना विसर्प झाला आणि ते सुमारे दोन दिवस बेशुद्ध होते. कलकत्त्याहून डॉ. नीलरतन सरकार उपचारांसाठी गेले. शुद्धीवर आल्यावर कवीने रंग आणि कुंचला मागितला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढील तीन महिन्यांत जुळून आलेल्या अठरा कवितांचा ‘प्रांतिक’ हा संग्रह १९३८च्या आरंभी प्रसिद्ध झाला.

जाणिवेच्या अवस्थांविषयी आजचे शास्त्र दोन गोष्टी वेगळ्या मोजते : जागृतीची पातळी आणि जाणिवेचा आशय. मेंदूच्या खोडातील जालरूप रचना जागृती टिकविते, हे १९४९ मध्ये मोरुझी व मॅगून यांनी दाखविले. १९५३ मध्ये ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांना झोपेत डोळे झरझर हलण्याची अवस्था आढळली. तिच्यात स्नायू शिथिल, पण मेंदू जागेपणाइतकाच व्यग्र, आणि याच वेळी जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. जागृती नाही पण आशय आहे, अशी ही अवस्था. गाढ बेशुद्धीत दोन्ही लोपतात. १९७४ पासून रुग्णालयांत वापरला जाणारा ग्लासगो मापदंड डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिहींवरून ३ ते १५ असे गुण देतो. मोजतो तो बाहेरचा प्रतिसाद, आतला अनुभव नव्हे.

जागृत, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या हे मांडूक्याचे चौकडे आपल्याकडे इतके परिचित आहे की ‘प्रांतिक’वर लिहिणाऱ्याला बेशुद्धीला सुषुप्ती आणि परतीला तुर्येचा स्पर्श म्हणण्याची घाई होते. या घाईला आपल्याच परंपरेत आवर आहे. गाढ झोपेतून उठून ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे आपण म्हणतो. अद्वैती म्हणतात, ही स्मृती आहे, आणि अनुभवाशिवाय स्मृती नाही. म्हणजे सुषुप्तीत साक्षी होता. नैयायिक म्हणतात, ही स्मृती नव्हे. उठल्यावरच्या ताजेपणावरून केलेले ते अनुमान आहे. ‘प्रांतिक’ला हाच प्रश्न विचारावा. बेशुद्धीच्या अंधाराचे जे चित्र कवितेत येते, ते पाहिलेले आहे की परतल्यावर रचलेले? मला नैयायिकांचे उत्तर अधिक जवळचे वाटते. अंधार कोणी पाहून आले नाही. शुद्ध परतताना, एकेक इंद्रिय पुन्हा कामाला लागताना, मागे वळून जो अंधार रचला गेला, त्याची ती कविता आहे. तिचे मोल त्याने तिळभर कमी होत नाही, जसे लाल कण्हेरीचे झाले नाही.

मराठी भाषांतरकाराला मात्र येथे पुन्हा शब्दच अडवितात, आणि यावेळी अधिक खोल पाण्यात. बंगालीत माणसाचे ‘ज्ञान’ हरपते, तो ‘अज्ञान’ होतो, मग ‘ज्ञान’ परत येते. मराठीत हे शब्दशः आणले तर मूर्च्छेचे वर्णन वेदान्ताचे प्रवचन होईल. मराठीत हरपते ती शुद्ध. शिवाय मराठीजवळ ‘भान’ आहे, आणि ते शुद्धीहून निराळे : कीर्तनात, गाण्यात, रागात माणसाचे भान हरपते तेव्हा त्याची शुद्ध शाबूत असते. पातळी आणि आशय हा जो भेद शास्त्राने अलीकडे नीट मांडला, तो या दोन शब्दांत केव्हाचा पडून आहे. ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ ही वारकऱ्यांची जोडी. तिच्यातली ‘नेणीव’ आपण फ्रॉइडच्या कल्पनेसाठी घेतली, तर बंगालीने ‘निर्ज्ञान’ पसंत केले. ‘प्रांतिक’च्या अखेरीकडे डिसेंबर १९३७ मधल्या कवितेत रवींद्रनाथ वापरतात तो शब्द आहे ‘चैतन्य’. बंगालीत तो शुद्ध, जाणीव आणि आत्मतत्त्व हे तिन्ही अर्थ वाहतो, शिवाय नदियाच्या गौरांगाची आठवण घेऊन येतो. मराठीत सणासुदीला बाजारात चैतन्य पसरते. तोच शब्द तसाच ठेवला तर कविता हलकी होते, ‘शुद्ध’ म्हटले तर रुग्णशय्या उरते, ‘जाणीव’ म्हटले तर समीक्षेचा वास येतो. ‘भान’ हा एकच शब्द त्यातल्या त्यात जवळ जातो, आणि ‘भान’ लोपलेल्या गुहेतून सुटले असे मराठीत म्हणून पाहिले, तर निदान कान दुखावत नाही.